हरबा मिस्त्री सही करत नाहीत

वायरमनच्या दुकानात किस्से कसे साठतात, हे पाहायचे असेल तर त्याच्या टेबलाचा खालचा खण उघडावा. जळालेले होल्डर, तडकलेली चिनी मातीची बटणे, उंदराने सोललेली वायर! मुद्दाम कोणी जमवलेले नसते. पण फेकायलाही हात धजत नाही. प्रत्येक तुकड्याला एक घर चिकटलेले असते, आणि त्या घराला एक प्रसंग.

पुढचे किस्से असेच साठलेले आहेत. ते सांगण्यापूर्वी कोणता कोणाकडून आला, एवढे नोंदवतो. प्रयोगवहीची सवय सुटत नाही. पहिले पाच मी रेवदंड्यात, १९६४ च्या मे महिन्यात, लागोपाठ तीन दुपारी दामूअण्णा सुतारांकडून ऐकले. पदार्थविज्ञानात एम्. एस्सी.चा शेवटचा पेपर देऊन मी नुकताच घरी आलो होतो. दामूअण्णा वायरिंगच्या लाकडी पट्ट्या रंधत होते आणि रंधा थांबला की किस्सा पुढे सरकत होता. ज्या ठिकाणी दुसऱ्या कोणाला विचारून खात्री करून घेता आली, तिथे मी ती करून घेतली. शेवटचे दोन प्रसंग माझ्या डोळ्यांदेखत घडले.

मंडळी तीनच. दुकान हरबा मिस्त्रींचे. वायरमनचा सरकारी परवाना त्यांच्याच नावावर. दामूअण्णा त्यांच्या पट्ट्या आणि बोर्ड करून देत. तिसरे शरीफभाई. वीस वर्षे बोटीच्या इंजिनखोलीत काढून घरी परतलेले. रोज सकाळी दुकानात येऊन बसत आणि विचारले नसतानाही सल्ला देत. मी चौथा, पाहुणा. मला ते ‘एमेस्सी’ म्हणून हाक मारीत. हा मान होता की टोमणा, हे मला अखेरपर्यंत ठरवता आले नाही.

आमच्याकडे वीज तेव्हा नवी होती. घरातले वायरिंग सुरक्षित आहे, अशी वायरमनने दाखल्यावर सही केली, की मगच जोडणी मिळे. हरबांनी सही केलेल्या एकाही घरात नऊ वर्षांत विजेने माणूस दगावला नव्हता. याची त्यांनी कधी बढाई मारली नाही. परंतु आपल्या सहीखाली एखाद्या घराचे रडणे येऊ नये, ही एकच धास्ती त्या माणसाने आयुष्यभर बाळगली होती. म्हणून ते सही करायला वेळ लावत. लोक कंटाळून म्हणत, “मिस्त्री काम झटपट करतात, सही तेवढी करत नाहीत!”

* * *

यंत्राच्या पत्र्यात चुकून वीज उतरलीच, तर तिने माणसाच्या अंगातून न जाता परस्पर जमिनीत जावे, यासाठी अर्थिंग करतात. अंगणात खोल खड्डा खणायचा, तळाशी तांब्याची पाटी उभी करायची, भोवती कोळसा आणि मीठ भरायचे. मीठ जवळच्या मिठागरातले. पण एवढ्याने भागत नाही. तो खड्डा बारा महिने ओला राहिला पाहिजे. सुकला की पाटी जमिनीत असून नसल्यासारखी!

चैत्र-वैशाखात आठवणीने खड्ड्यात पाणी कोण घालणार? हरबांनी त्यावर तोड काढली. अर्थिंगचा खड्डा ते तुळशीवृंदावनाला लागून खणू लागले. घरातली बाई रोज सकाळी तुळशीला तांब्याभर पाणी घालणारच. वृंदावनाच्या भोकातून ते झिरपून थेट पाटीवर! माझ्या प्राध्यापकांना मी ही युक्ती पुढे सांगितली. ते म्हणाले, “पुस्तकात घालायला हवी.”

एका उन्हाळ्यात चौलच्या एका घरातले म्हातारे गृहस्थ वारले. चौथ्या दिवशी हरबा त्यांच्या अंगणात येऊन उभे राहिले. मंडळींना वाटले, समाचाराला आले. पडवीत घोंगडी पसरली गेली. हरबा बसले नाहीत. विहिरीवर गेले, स्वतः बादली शेंदली आणि तुळशीच्या बुंध्याशी ओतली. पुन्हा शेंदली, पुन्हा ओतली.

घरातला थोरला मुलगा संकोचून म्हणाला, “मिस्त्री, आम्हांला सुतक आहे. तुळशीला पाणी बंद आहे दहा दिवस.”

“ठाऊक हाय,” हरबा म्हणाले. “म्हनून तर आलो. सुतक तुमाला हाय, तांब्याच्या पाटीला न्हाय!”

पुढचे सहा दिवस ते रोज सकाळी येऊन दोन बादल्या ओतून गेले. त्या थोरल्या मुलाला मी हे विचारले. तो म्हणाला, “सहा नव्हे, सात दिवस.” मी सात लिहितो.

* * *

मेन स्विच कोठे बसवायचा, यावर घरोघर वाद होत. पुरुषांचे म्हणणे एकच: उंच बसवा. पोरांचा हात पोचता कामा नये, आणि ओटीवर बसणाऱ्यांना तो दिसलाही पाहिजे! हरबा मात्र घरातल्या बाईला बोलावून भिंतीपाशी उभी करीत. “हात वर करा, वयनी.” तिचा तळवा जिथे टेके तिथे ते खडूने रेघ मारीत. स्विच त्या रेघेवर. दिवसा पुरुष वाडीत किंवा पाण्यावर. घरात कोणी विजेला चिकटला, तर मेन बंद करणारा हात बाईचाच असतो, असे त्यांचे म्हणणे.

नागावला एका घरी सासू उंचपुरी आणि सून चार फूट आठ इंच. भिंतीवर खडूच्या दोन रेघा उमटल्या. दोहोंमध्ये वीतभर अंतर!

सासूबाई म्हणाल्या, “घर माझं आहे. माझ्या रेघेवर बसवा.”

सून नुसती भिंतीकडे पाहत राहिली. सासरे मध्यस्थी करायला आले. म्हणाले, “मिस्त्री, दोन्ही रेघांच्या मधोमध बसवा. कोणाचं मन नको दुखायला.”

“मधोमध बसवला तर तो कुनाचाच न्हाय,” हरबा म्हणाले. आणि सासूबाईंकडे वळून शांतपणे, “आये, मोठ्या हाताला खाली येता येतं. ल्हान हाताला वर जाता येत न्हाय.”

स्विच खालच्या रेघेवर बसला. वरची रेघ पुसू नका, असे सासूबाईंनीच सांगितले म्हणतात. ती अजून भिंतीवर आहे. मी पाहिली आहे.

* * *

कोळीवाड्यातल्या एका तांडेलाकडे, म्हणजे बोटीच्या म्होरक्याकडे, फ्यूज वारंवार उडे. फ्यूज म्हणजे मुद्दाम बारीक ठेवलेली तार. घरात बिघाड झाला की ती वितळते आणि वीज थांबते. तांडेलाला रात्रीच जाळी दुरुस्त करायची असत आणि तेव्हाच नेमका काळोख होई. त्याने विचार केला: तार वितळणारी हवी ना? मग शिसेही वितळतेच! जाळ्याला खाली ओढणारी शिशाची गुंडी त्याने ठोकून चपटी केली, तिची पट्टी फ्यूजमध्ये बसवली. पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने तर्कात चूक नव्हती. चूक जाडीत होती. ती पट्टी वितळण्याआधी सारे छप्पर पेटले असते.

हरबांनी पट्टी काढून हातात घेतली. ओरडले नाहीत. म्हणाले, “तांडेल, जाळं बुडाशी खडकात अडकलं तर काय करतोस?”

“बोटीला बांधलेली दोरी बारीक ठेवतो. ती तुटते.”

“जाड ठेवली तर?”

“जाड कोन ठेवतो? बोट उलटल!”

“मंग हे काय ठेवलंस?”

हरबांनी बारीक तार बसवली आणि ते निघून आले. आठवडा झाला. एके सकाळी तांडेल स्वतः दुकानात हजर!

“मिस्तरी, दोरी बारीकच ठेवली. पन रोज तुटते. म्हंजे माज्या घरात कुठंतरी खडक हाय!”

हरबा तसेच उठले. तासाभरात खडक सापडला: देवाची तसबीर टांगायला ठोकलेला खिळा लाकडी पट्टीतून थेट वायरीत शिरला होता. बिघाडाची इतकी नेमकी व्याख्या मला अद्याप कोणत्याही पुस्तकात आढळलेली नाही.

* * *

दामूअण्णांनी इतकी वर्षे वायरिंगच्या पट्ट्या रंधल्या, परंतु त्यांच्या स्वतःच्या घरात वीज नव्हती. कंदीलच. शरीफभाई त्यांना छेडीत, “अण्णा, हलवाई मिठाई खात नाय ते समजलं. पन तू तर दुकानाकडं बघत पन नायस!”

यावर दामूअण्णांचे उत्तर ठरलेले होते. “अहो, वीज जिथून जात नाही, ती वस्तू मी विकतो. माझा आणि तिचा संबंध एवढाच बरा!”

हा किस्सा त्यांनी स्वतःविषयी स्वतःच सांगितला. त्यामुळे तपासण्याचा प्रश्न आला नाही.

* * *

आता एक प्रसंग, जो सांगताना दामूअण्णांनी रंधा बाजूला ठेवला.

एका बड्या बागायतदारांनी नवे घर बांधले. वास्तुशांत दोन दिवसांवर आलेली. पंखे टांगले, पाण्याचा पंप बसला, दिवे लागायचे बाकी. अर्थिंगच्या खड्ड्याची जागा मात्र त्यांनी फरशीखाली बुजवून टाकली होती. नवी फरशी उकरायला ते तयार नव्हते. म्हणाले, “हरबा, सही करून टाक. खड्डा पावसाळ्यानंतर बघू.”

“बिन खड्ड्याची सही न्हाय करत, रावसाहेब.”

“अरे, चार महिन्यांत काय होणार आहे?”

“काय होऊ नये, एवढंच माजं काम हाय,” हरबा म्हणाले. “आनि ते नीट झालं तर कोनाला दिसत न्हाय. त्याला मी काय करू?”

रावसाहेबांनी अलिबागेहून दुसरा वायरमन आणला. त्याने एका दिवसात सही केली. वास्तुशांतीला दिवे झगमगले. हरबांना आमंत्रण नव्हते.

किस्सा इथे संपतो असे मला वाटले होते. पुढे अलिबागेस गेलो असता मी त्या वायरमनला मुद्दाम भेटलो. अर्थिंगशिवाय सही कशी केली, असे विचारले. तो चांगलाच चिडला. म्हणाला, “कोणी सांगितलं अर्थिंगशिवाय? फरशी सोडून पाठीमागे विहिरीच्या थारोळ्यापाशी, जिथं पाणी सांडतं तिथं, खड्डा मारला मी! वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी पहाटे हरबा माझ्या दारात. खांद्यावर स्वतःच्या दुकानातली तांब्याची पाटी. म्हणाला, ‘विहिरीमागं जागा मोकळी हाय. मला ते आता दारात उभं करनार न्हायत, तू कर.’ आणि माझं नाव काढू नको म्हणाला.” मग म्हणाला, “आज काढलं.”

हे मी दामूअण्णांना सांगितले. हरबांना नाही.

* * *

यापुढचे मी स्वतः पाहिलेले आहे.

त्याच वर्षी दिवाळीनंतर अवेळी पाऊस लागला. वाड्यांतून सुपारी उतरवलेली. ती चाळीसेक दिवस उन्हात वाळावी लागते. ऊन नव्हते. पडव्यांत पसरलेल्या सुपारीवर बुरशीचा पांढरा थर दिसू लागला. शरीफभाईंची वाडी लहान. पण त्यांचे आणि त्यांच्या पत्नी अमीनाबींचे वर्ष तिच्यावरच निघत असे.

आणि मग शरीफभाईंनी आपल्या मागच्या खोलीतली एक पेटी उघडली. तीन वर्षांपूर्वी शेवटच्या सफरीत जर्मनीच्या बंदरावर जुन्या बाजारात त्यांनी एक यंत्र घेतले होते: थंड देशांत घर उबदार ठेवायची गॅसची भट्टी. कपाटाएवढी, पत्र्याची. आत गॅसची ज्योत आणि मागे विजेचा पंखा. ज्योतीने तापलेली हवा पंखा बाहेर ढकलतो.

गावात बातमी पसरली. कोकणात घर तापवायचे यंत्र! दुकानावरून जाणारा प्रत्येक जण डोकावून विचारी, “शरीफभाई, आमचंही घर तापवाल का?”

“वैशाखात ये,” शरीफभाई म्हणत. “फुकट तापवून देतो!”

परंतु घरात चेष्टा नव्हती. अमीनाबी हरबांना म्हणाल्या, “भाई, ही सुपारी गेली तर साल गेलं. हे चालू करून द्या.”

गॅसचे सिलिंडर मुंबईहून आले. हरबांनी असे यंत्र पूर्वी कधी पाहिले नव्हते, आणि ते त्यांनी सर्वांसमोर सांगितले. मग दोन दिवस त्यांनी नुसती खोली पाहिली. सिलिंडर भिंतीबाहेर, सावलीत, मोकळ्या वाऱ्यावर ठेवले. खोलीतले बटण काढून दाराबाहेर लावले. बटण दाबताना बारीक ठिणगी उडते, आणि गॅस साचला असेल तर तेवढी पुरते. रबरी नळीच्या प्रत्येक सांध्यावर अमीनाबींनी रिठ्याचा फेस लावला. बुडबुडा फुगला की सांधा गळतो. एक फुगला. सांधा पुन्हा आवळला. बोटीवरचे शरीफभाई कौतुकाने म्हणाले, “आमच्या चीफ इंजिनियरला पन रिठा ठाऊक नव्हता!”

“तो भांडी घासत नसल,” अमीनाबी म्हणाल्या.

वापरायची रीत हरबांनी त्यांना पाच वेळा म्हणून दाखवायला लावली. आधी वास घ्यायचा. मग पंखा. मग ज्योत. बंद करताना आधी ज्योत, मग पंखा. सहाव्यांदा त्या चिडून म्हणाल्या, “आता माझ्या निकाहाची तारीख पन विसरले मी, पन हे नाय विसरनार!” हरबा हसले. मी त्यांना हसताना फार वेळा पाहिले नाही.

आता फक्त विजेची जोडणी उरली.

* * *

हा शेवटचा.

हरबांची एक रीत इथे सांगायला हवी. कोणतेही यंत्र मालकाच्या हवाली करण्यापूर्वी ते फरशीवर पाणी शिंपडीत, वहाणा काढून त्या ओल्यात अनवाणी उभे राहत आणि वीज चालू करून यंत्राच्या पत्र्याला उलटा हात लावीत. उलटा अशासाठी, की झटका बसला तर मूठ वळते. पालथा हात यंत्रापासून दूर ओढला जातो. “आधी माजा हात, मंग घरच्यांचा,” एवढेच म्हणत. ही पद्धत धोक्याची आहे, असे मी त्यांना अनेकदा सांगितले होते. ते ऐकून घेत.

भट्टीतून तीन तारा बाहेर आल्या होत्या: काळी, राखाडी आणि लाल. आमच्याकडे लाल म्हणजे वीज घेऊन येणारी, काळी म्हणजे परत नेणारी आणि हिरवी अर्थिंगची. इथे हिरवी नव्हतीच.

“काय एमेस्सी,” हरबा म्हणाले, “तुमी जर्मन शिकलात ना? बगा काय लिवलंय.”

शास्त्रीय जर्मन वाचनाची परीक्षा मी उत्तीर्ण झालो होतो, आणि ते मी दुकानात एकापेक्षा अधिक वेळा सांगितले होते. भट्टीच्या दाराआड तारांच्या जोडणीचा एक नकाशा चिकटवलेला होता. खाऱ्या हवेने त्याचा खालचा अर्धा भाग गळून पडला होता. उरलेल्या भागात ‘उघडण्यापूर्वी वीज बंद करा’ अशा अर्थाचे वाक्य होते. ते मी मोठ्याने वाचून भाषांतर केले. तारांचे रंग त्यात नव्हते. तेव्हा मी तर्क चालवला. लाल रंग धोक्याचा. वीज आणणारी तार लालच असणार. काळी परतीची. हिरवी नाही, म्हणून उरलेली राखाडी अर्थिंगची. मी हे इतक्या सुसंगतपणे मांडले, की माझा मलाच विश्वास बसला.

“नक्की?” हरबांनी विचारले.

“नक्की.”

त्यांनी तशीच जोडणी केली. लाल विजेला, काळी परतीला, राखाडी अर्थिंगला. मग फरशीवर पाणी शिंपडले. बाहेर जाऊन मेनचा खटका वर केला. त्याचा आवाज आम्ही सर्वांनी ऐकला. परत आले, वहाणा काढल्या, भट्टीपाशी गेले. आणि बाजूला झाले.

“आज तुमचा हात, एमेस्सी. रंग तुमी सांगितलात.”

दामूअण्णा दाराशी होते. शरीफभाई सिलिंडरच्या बाजूच्या खिडकीतून आत पाहत होते. अमीनाबी माझ्यापासून तीन हातांवर, ओले हात पदराला पुशीत उभ्या होत्या. भट्टीचे ते दार रोज पहाटे त्याच उघडणार होत्या.

मी वहाणा काढल्या. फरशी गार लागली. माझ्या तर्कात चूक नाही, असे मी मनाशी दोनदा म्हटले आणि उलटा हात पत्र्याला टेकवला.

काहीही झाले नाही.

“माशाअल्ला!” शरीफभाई म्हणाले. दामूअण्णांनी सुस्कारा सोडला. मी वळलो, चेहऱ्यावर बहुधा समाधान असावे.

हरबांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि पांढरी, चिनी मातीची वस्तू तळव्यावर धरून माझ्यापुढे केली. मेनमधली फ्यूज होती ती. काढून आणलेली. म्हणजे खटका वर होता, पण भट्टीत वीज आलेलीच नव्हती!

“ही बसवू?” त्यांनी विचारले. “मंग पुन्हा लावा हात.”

छपरावर पाऊस वाजत होता. माझे पाय ओल्यात होते. माझा हात आपोआप पाठीमागे गेला. त्यांनी घाई केली नाही. माझ्याकडे पाहतही नव्हते. फ्यूजकडे पाहत होते.

“किती खात्री हाय?”

“बहुतेक...” मी म्हणालो.

“बहुतेकावर मी सही करत न्हाय.”

त्यांनी तिन्ही तारा सोडवल्या. पिशवीतून बॅटरीवर वाजणारी घंटी काढली. तिचे एक टोक लाल तारेला लावले आणि दुसरे माझ्या हातात देऊन भट्टीच्या पत्र्याकडे बोट केले. मी टोक टेकवले.

घंटी खणखणून वाजली. लाल तार थेट पत्र्याला जोडलेली होती. त्या देशात अर्थिंगची तार लाल असते, हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हते. मी सांगितल्याप्रमाणे वीज सोडली असती, तर सारी भट्टी विजेने भरली असती.

अमीनाबी माझ्या हाताकडे पाहत होत्या. हरबांनी घंटीने उरलेल्या तारा शोधल्या, जोडणी फिरवली, लाल तारेला अर्थिंग दिले, पत्र्यालाही वेगळी तांब्याची तार आवळली, फ्यूज बसवली, आणि ओल्यात उभे राहून स्वतःचा उलटा हात लावला. मग पंखा सुरू झाला. दुपारी त्यांनी सही केली.

सुपारी वाचली. ती भट्टी पुढे तीन हंगाम चालली आणि तिने कोणालाही इजा केली नाही.

एका गोष्टीची खातरजमा मात्र मला कधीच करता आली नाही. लाल तार पत्र्याला जोडलेली आहे, हे हरबांना त्या सकाळी आधीच ठाऊक होते का? दामूअण्णा सांगतात, आदल्या संध्याकाळी ती घंटी दुकानात जागेवर नव्हती. शरीफभाई म्हणतात, त्या संध्याकाळी त्यांच्याकडे कोणीही आले नव्हते. हरबांना मी दोनदा विचारले. दोन्ही वेळा त्यांनी वायर सोलण्याचे काम पुढे चालू ठेवले. शेवटी अमीनाबींना विचारले. त्या वाळलेली सुपारी निवडीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “आला असता तर चहा घेतल्याबगर मी सोडला असता काय त्याला?”

सही होईपर्यंत हरबा कोणाच्याही घरी चहा घेत नसत, आणि त्या संध्याकाळी सही व्हायची होती.